नेवेना अचूक वाचते

नेवेना चार वर्षांची व्हायच्या आत घडाघडा वाचायला लागेल, असं वेनेलिन कारादालिएवने ऑफिसात जाहीर करून टाकलं, तेव्हा नेवेना अजून डावा बूट उजव्या पायात घालत होती. पण वेनेलिन ठाम होता. सिलिस्त्रा शहरात नदीच्या धक्क्यावर एका धान्य कंपनीच्या कचेरीत तो कारकून होता, आणि त्याच्या समोरच्या टेबलावर ओग्न्यान बसायचा. ओग्न्यानच्या मुलाने पाचव्या वर्षी दुधाच्या खोक्यावरचा 'दूध' हा शब्द वाचला होता आणि त्याची फिल्म ओग्न्यानने साऱ्या कचेरीला फिरून फिरून दाखवली होती. खोक्यावर गाईचं चित्र आहे, हे वेनेलिनने तिथल्या तिथे दाखवून दिलं. पण कोणी लक्ष दिलं नाही. त्या दिवसापासून तो पेटला.

त्याने राजधानी सोफियाहून एक पेटी मागवली. तिच्यात लाल अक्षरांची जाडजूड कार्डं होती आणि पालकांसाठी एक पुस्तक. कार्ड झर्रकन दाखवायचं, शब्द मोठ्याने म्हणायचा, पुढचं कार्ड. पाणघोडा, संसद, ऑर्किड. नेवेनाने पाणघोड्याचा कोपरा चावून खाल्ला. संसदेवर ल्युतेनित्साचा, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या चटणीचा, लाल डाग पडला, आणि तेव्हापासून डाग दिसला की ती 'संसद' म्हणू लागली, मग तो डाग कार्डावर असो की बापाच्या शर्टावर. वेनेलिनने ही प्रगती मानली. मग त्याने घरभर चिठ्ठ्या डकवल्या. फ्रिजवर 'फ्रिज', दारावर 'दार', आणि सासूबाईंच्या एप्रनला टाचणीने 'आजी'. रुसाना आजी ती चिठ्ठी विसरून तशाच बाजारात गेल्या, तर मासेवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे त्यांना अदबीने रस्ता देऊ लागले. त्यांनी चिठ्ठी काढली नाही.

पुस्तकातला एक नियम वेनेलिनला फार आवडला होता. मुलाची परीक्षा कधीही घेऊ नका. तुम्ही शंका घेतलीत की मुलाच्या मेंदूतलं दार बंद होतं. हा नियम त्याने फ्रिजवर 'फ्रिज'च्या खाली लावला.

आता खरं सांगायचं तर नेवेना वाचायला शिकली ती या पेटीमुळे नव्हे. ती शिकली रुसाना आजींमुळे, आणि आजींना त्याचा पत्ताही नव्हता. रोज सकाळी दोघी पाव आणायला जायच्या. वाटेत इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, लिंडनच्या झाडांवर, जिकडे तिकडे निधनाची पत्रकं चिकटवलेली. वर फोटो, खाली मोठ्या काळ्या अक्षरांत नाव, मग कोण कधी गेलं, कोणाला जाऊन वर्ष झालं. आजींच्या वयाला ही बातमी हवीच असते. पण चष्मा त्या नेहमी घरी विसरायच्या. मग त्या नातीला विचारायच्या, हे पहिलं अक्षर कसं आहे गं, दारासारखं की बेडकासारखं? नेवेना सांगायची, दारासारखं. मग कंगव्यासारखं, मग पोट पुढे आलेलं. आजी जुळवून नाव म्हणायच्या, उसासा टाकायच्या, छातीवर क्रूसाची खूण करायच्या आणि "देव त्याला क्षमा करो" म्हणून पुढच्या झाडाकडे वळायच्या. हिवाळा सरेपर्यंत आजींना अक्षरं विचारायची गरज उरली नाही. नेवेनाच सरळ नाव सांगू लागली.

एका रविवारी वेनेलिन दोघींबरोबर गेला. बेकरीच्या दारापाशी नेवेना थांबली, वर बघून स्पष्ट म्हणाली, "बेकरी." मग तिने मोठा उसासा टाकला, क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "देव तिला क्षमा करो."

वेनेलिनने तिला तिथेच रस्त्यात उचलून गरागरा फिरवली.

त्याची बायको मिहाएला दाताच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची; हाताने बनवलेल्या आणि आपोआप झालेल्या गोष्टींतला फरक तिला चटकन कळायचा. त्या संध्याकाळी नेवेनाने 'टोमॅटो सूप', 'धुण्याची पावडर' आणि 'वॉरंटी कार्ड' यांना एकामागून एक निरोप दिला. 

"ही वाचत नाही, वेनेलिन," मिहाएला म्हणाली. "ही अंत्यविधी करते."

वेनेलिनने पुस्तक उघडून दाखवलं. 'भावनेसह वाचन' हे फार वरच्या पायरीचं लक्षण होतं.

शहरात 'छोटे विद्वान' नावाची नवी बालवाडी निघाली होती. तिथे प्रवेशाआधी मुलांची मुलाखत होत असे आणि जागा मोजक्याच. संचालिका झोर्नित्सा शिश्मानोवा यांच्याबद्दल असं बोललं जायचं की त्या मुलाच्या डोळ्यांत बघून सांगतात, हा पुढे डॉक्टर होणार की नाही. वेनेलिनने गुरुवारी दुपारची वेळ मिळवली, कचेरीतून रजा घेतली आणि ओग्न्यानला जाताजाता सांगितलं की आपली मुलगी आता काहीही वाचते. ओग्न्यानने विचारलं, "काहीही म्हणजे?" वेनेलिन म्हणाला, "काहीही. आणि अचूक."

गुरुवारी सकाळी तो आरशासमोर टाय बांधत होता, तोच रुसाना आजी पाव घेऊन धापा टाकत वर आल्या आणि स्टुलावर बसल्या. शिश्मानोव गेला, त्या म्हणाल्या. कोण शिश्मानोव? खिडक्यांच्या कारखान्याचा मालक दोब्रिन शिश्मानोव, झोर्नित्साबाईंचा नवरा. खाली दारावर लागलंय. नेवेनाने वाचलं.

वेनेलिन मुलीसमोर गुडघ्यांवर बसला. काय वाचलंस, त्याने विचारलं. नेवेनाने पाव चघळत सांगितलं, "दोब्रिन शिश्मानोव. सदैव तुमच्यासोबत." शिश्मानोव या नावात कंगवा, म्हणजे 'श', दोनदा येतो, म्हणून तिला ते आवडलं होतं. वर काळ्यापांढऱ्या फोटोत टायवाले काका होते, तेही तिने सांगितलं.

वेनेलिनने प्रयोगशाळेत फोन लावला. मिहाएलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं की दोन जिने उतर आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. वेनेलिन फ्रिजसमोर उभा होता. नियम त्याच्या नाकासमोर होता. लेक दाराशी उभी राहून बघत असताना बापाने तिचं वाचन तपासायला खाली धावायचं? मुलाखतीच्या दिवशी? मेंदूतलं दार आज बंद झालं तर संध्याकाळपर्यंत ते कोण उघडणार? तो गेला नाही.

उलट त्याने ओग्न्यानला फोन केला. दुःखाची बातमी कळवावी हा हेतू होताच, पण ती आपल्या मुलीने भिंतीवरून वाचली, हे त्याने दोनदा सांगितलं. शिश्मानोवला कालच पेट्रोल पंपावर धडधाकट बघितलाय, असं ओग्न्यान म्हणाला. त्यावर वेनेलिनने जरा कडक आवाजात सांगितलं की माझी मुलगी चुकत नाही. ओग्न्यान विचारात पडला. कारखान्याशी कंपनीचे संबंध होते. काहीतरी करायला हवं होतं.

मग बालवाडीत फोन. आज मुलाखत आहे ना, असं वेनेलिनने हळू आवाजात विचारलं. अर्थातच, तिथली मुलगी म्हणाली, बाई तुमची वाट बघताहेत. वेनेलिनचे डोळे पाणावले. केवढी कर्तव्यदक्ष बाई! आणि त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात, तो कोपरा त्याने स्वतःलाही नीट दाखवला नाही, असंही येऊन गेलं की अशा दिवशी जो सर्वांत आधी सांत्वनाला जाईल, त्याच्या मुलीला बाई नाही म्हणणार नाहीत. त्याने निळा टाय सोडून काळा बांधला. वाटेत दुकानातून पांढऱ्या शेवंतीची सहा फुलं घ्यायची ठरवली. सम संख्या आपल्याकडे गेलेल्यांसाठीच असते. आजींनी काळा रुमाल डोक्याला बांधला. जायची घाई होती म्हणून तिघं मागच्या दाराने, गॅरेजकडून गेली. पुढचं दार वेनेलिनला त्या दिवशी दिसलंच नाही.

झोर्नित्साबाई उंच, नीटनेटक्या, राखाडी केसांच्या होत्या. त्यांनी फुलं घेतली, मनातल्या मनात मोजली, एक वाटेत पडलं असेल असं समजून फुलदाणीत ठेवली. वेनेलिनने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"बाई, या प्रसंगात आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

बाईंचा चेहरा खुलला. घरात जे चाललं होतं त्याबद्दल इतकं आपुलकीने अजून कोणी बोललं नव्हतं. "खरंच आभार. आता तुम्हा लोकांचाच आधार."

"फार अचानक झालं."

"मलाही अचानकच कळलं हो. मी सूप वाढत होते. म्हणाला, झोर्नित्सा, माझं ठरलं. मी जाणार."

"म्हणजे त्यांनी स्वतःच ठरवलं?"

"मग काय. मी किती अडवलं. रक्तदाब आहे, वय झालंय. पण मित्र आधी गेले होते, त्यांचं बघून यालाही वाटलं, आपण का मागे राहायचं."

रुसाना आजींनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. हे दुःख जगावेगळं होतं. वेनेलिनने विचारलं की ते सध्या कुठे आहेत.

"गावोगाव फिरवताहेत. पहाटेच गाडीत घालून घेऊन गेले. आधी आयदेमिर, मग कालिपेत्रोवो, दुपारून स्रेबर्ना. लोकांनी एकदा डोळ्यांनी बघायला हवं ना."

"हवंच," वेनेलिन कसाबसा म्हणाला.

"आणि शेवट कधी आहे, बाई?" आजींनी विचारलं.

"या रविवारी नाही, पुढच्या."

आजी दचकल्या. "एवढे दिवस टिकतील?"

"तीच तर काळजी आहे," बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. "आत्ताच चेहरा उतरलाय."

वेनेलिनने विषय बदलावा म्हणून नेवेनाला पुढे केलं. बाईंनी तिला छोट्या खुर्चीवर बसवलं आणि समोर चित्रांचं पुस्तक ठेवलं. नेवेनाने पान बघितलं. "ससा," ती म्हणाली. उसासा. क्रूस. "देव त्याला क्षमा करो." पान उलटलं. "कोल्हा." उसासा. क्रूस. बाई पुढे झुकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मुलांच्या डोळ्यांत पुष्कळ काही बघितलं होतं, हे नव्हतं बघितलं. सशाला काय झालं, त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"गेला," नेवेना म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं आणि ओग्न्यान आत आला. काळा सूट, आणि हातात त्याच्या छातीएवढं फुलांचं चक्र, त्याला आडवी रुंद जांभळी पट्टी. त्याने मान खाली घातली आणि चक्र भिंतीशी उभं केलं. खोलीत कोणालाच काही सुचेना. नेवेनाला सुचलं. ती खुर्चीवरून उतरली, पट्टीपुढे उभी राहिली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत, कुठेही न अडखळता तिने वाचलं:

"दोब्रिन शिश्मानोव. कायम आमच्या स्मरणात. धान्य कंपनीचे सहकारी."

इतकी मोठी वाक्यं तिने आजवर वाचली नव्हती. वेनेलिनची छाती क्षणभर फुगली. मग त्याचं लक्ष बाईंकडे गेलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पट्टी स्वतः एकदा वाचली. फोन उचलला, नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. गावात फिरताना तो फोन गाडीतच ठेवतो, हे त्यांना एरवी ठाऊक होतं. आत्ता ते आठवलं नाही. त्या मुलांच्या एका छोट्याशा खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीपर्यंत आले.

"पहाटे भांडले त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "शर्टाला इस्त्री पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, जा बाबा, जा एकदाचा."

रुसाना आजी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांचा हात धरला. वेनेलिन तसाच उभा होता. त्याच्या डोक्यात काहीतरी फार हळू, फार नकोसं वळत होतं.

"बाई, म्हणजे तुम्हाला आत्ता कळतंय?"

"मला कोण सांगणार? सगळ्या गावाला ठाऊक, मलाच नाही."

"मग ते पहाटे गाडीत घालून नेलं ते?"

"प्रचाराला नेलं! नगर परिषदेला उभा आहे ना तो!"

ओग्न्यानने वेनेलिनकडे बघितलं. वेनेलिनने अगदी बारीक आवाजात विचारलं की त्यांचं एखादं पत्रक वगैरे इथे आहे का. बाईंनी न बघताच खालच्या खणाकडे बोट दाखवलं. बालवाडीत राजकारण नको म्हणून गठ्ठा तिथे लपवून ठेवला होता. वेनेलिनने एक काढलं. भारदस्त दिसावं म्हणून काळ्यापांढऱ्या रंगातला फोटो. खाली मोठ्या काळ्या अक्षरांत दोब्रिन शिश्मानोव. त्याखाली 'सदैव तुमच्यासोबत'. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: नगर परिषदेचे उमेदवार.

"हेच," नेवेना म्हणाली. "खाली बारीक पण होतं. आजी म्हणाली, बारीक राहू दे."

वेनेलिनला पळून जावंसं वाटलं. दार ओग्न्यानच्या पाठीमागे होतं. मग त्याने बाईंच्या समोर, जमिनीवर बसत, सकाळपासूनचं सगळं सांगितलं. पावापासून शेवंतीपर्यंत. पुस्तकातला नियम सांगताना त्याचा आवाज अगदीच खाली गेला. बाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर चक्रावरून हलत नव्हती. सगळं समजलं तरी घंटी वाजत राहिलेला फोन काही त्यांच्या मनातून जाईना.

तो वाजला. बाईंनी असा उचलला की तो हातातून उडाला आणि ओग्न्यानने झेलला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. दोब्रिन शिश्मानोव जिवंत होता आणि संतापलेला होता.

त्याची हकिकत अशी. स्रेबर्नाच्या सभागृहात तो शिरला तर सगळे आधीच उभे होते, माना खाली. कोणीतरी गेलं असेल म्हणून तोही कोपऱ्यात मान खाली घालून उभा राहिला. मिनिट संपल्यावर त्याने शेजारच्या म्हातारीला हळूच विचारलं, कोण गेलं? म्हातारीने त्याच्याकडे बघितलं आणि ती तिथेच मटकन खाली बसली. धान्य कंपनीतून सकाळीच बातमी कळलेल्या सरपंचांनी ती सावरल्यावर भाषण केलं. पण मघाशी मयताबद्दल जे चांगलं चांगलं बोलले होते, त्यातलं एकही वाक्य आता पुन्हा बोलायला ते तयार होईनात.

झोर्नित्साबाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. मग नवऱ्याला म्हणाल्या की इस्त्री करून ठेवते, लवकर घरी ये. फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले, सहा फुलांतलं एक काढून नेवेनाच्या हातात दिलं आणि पुन्हा संचालिका झाल्या.

"मुलगी सोमवारपासून येऊ दे," त्या म्हणाल्या. "वाचायला तिला आम्ही काही शिकवणार नाही. उसासे मात्र सोडवू. आणि कारादालिएव, तुम्ही तिला फाटकापर्यंतच सोडत जा. आत येऊ नका."

बाहेर पायऱ्यांवर ओग्न्यान चक्र खांद्याला अडकवून उभा होता. दुकानदार ते परत घेणार नाही, हे त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. थोडं पुढे रुसाना आजी आणि नेवेना हातात हात घालून चालल्या होत्या. ओग्न्यानच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उद्या कचेरीत काय सांगायचं ते त्याचं तयार झालेलं दिसत होतं; फक्त एकदा खात्री करून घ्यायची होती.

"म्हणजे थोडक्यात," तो म्हणाला, "तुझ्या मुलीने चुकीचं वाचलं."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. चार वर्षांचीही नाही, चुकायचीच, असं म्हणून ओग्न्यान हसला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पुढे चाललेली नेवेना थांबली होती. मागे वळून ती बापाकडे बघत होती.

"नाही," वेनेलिन म्हणाला. "तिने बरोबर वाचलं. वाचायची चूक माझी झाली."

ओग्न्यान बुचकळ्यात पडला. "तुझी? तू कुठे वाचलंस?"

"तीच तर चूक," वेनेलिन म्हणाला, आणि मुलीला गाठायला पायऱ्या उतरू लागला.